पेटीची पाठवणी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एकदा कमिटीत नाव गेलं की ते आपोआप दारात येतात, चहा पितात आणि मुक्काम ठोकून बसतात. माझ्याकडे असे बरेच मुक्कामाला आहेत. नात म्हणते, "आजी, लिहून काढ. नाही तं तू जेवताना सांगत बसते अन् भाजी थंडी होते." म्हणून लिहायला बसले. अक्षर गिचमिड आहे, पण माझं स्वतःचं आहे. कुठल्या मास्तरानं दिलेलं नाही; किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत मीच मिळवलं.

तर कमिटी संशोधनाची. सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारनं गरीब देशांच्या आरोग्यासाठी नवी साधनं शोधायला पैसा बाजूला काढला होता. त्यातला एक ओघळ वाहत वाहत मानोऱ्याच्या पुढं, पोहरादेवीच्या अलीकडं, आमच्या गावात पोचला. त्या पैशातून आमच्या उपकेंद्रात एक पेटी आली. उन्हावर चालणारा फ्रीज म्हणा. छतावर सोलरची पाटी आणि आत कंबरेएवढी पांढरी पेटी. करंट गेला, ढग आले, तरी आतली औषधं थंड राहतात, असं बनवणाऱ्याचं म्हणणं. ते खरं की खोटं, हे आमच्या उन्हात तपासून बघायचं होतं.

गावात मला गंगाआत्या म्हणतात. त्या पेटीच्या कमिटीत मी कशी शिरले, तिथूनच सुरू करते.

*

गावसभा भरली होती. प्रकल्पाच्या रश्मी मॅडम पुण्याहून आलेल्या. पोर हुशार, पण बोलणं असं की जणू पुढं बसलेल्या सगळ्यांनी परीक्षेला यायचंय. सगळं समजावून झाल्यावर म्हणाल्या, "कुणाला काही प्रश्न?"

पुरुषमंडळी तंबाखू मळत बसली. प्रश्न विचारला की चहा उशिरा येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी उभी राहिले.

"पैसा कोनाचा?"

"परदेशी सरकारचा, आजी. तिथले लोक जो टॅक्स भरतात, त्यातून येतो. गरीब देशांसाठी."

"अन् गरीब कोन?"

सरपंच मागून म्हणाला, "आत्या, बसा ना आता खाली. पाहुणे हायेत."

"तू थांब बाप्पा. मॅडम, मले एवढंच सांगा, पेटी चांगली निंगाली तं कोनाच्या कामी येईन?"

"सगळ्या जगाच्या. जिथं ऊन आहे, वीज जाते, तिथं सगळीकडं."

"अन् ऊन कोनाचं वापरून राह्यले तुमी?"

"तुमचं."

"मंग असं लिहा तुमच्या कागदावर. वाशीम जिल्ह्याकडून साऱ्या जगाले उनाची देणगी."

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच पुण्याच्या वाटेनात. म्हणाल्या, "आजी, तुम्ही कमिटीत याच."

"आलीच समजा."

चहा खरंच उशिरा आला. माझ्याकडं बघत बघत सगळ्यांनी प्याला.

*

त्याच सभेतली दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

सोनीबाई तांड्यावरची, माझ्याच बरोबरीची. बंजाऱ्यांचा कशिदा तिच्यासारखा आसपासच्या कुठल्या तांड्यात कुणाला येत नाही. तिची एकुलती लेक याच उपकेंद्रात बाळंत झाली होती. पोरगी झाली, पण रक्त काही थांबेना. तेव्हाच्या नर्सबाईनं रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं, वेळेवर दिलं. पण ते औषध थंडीत ठेवायचं असतं आणि ते भर वैशाखात कपाटात पडून होतं. उन्हानं औषध मरतं, आणि मेलेलं औषध दिसायला जिवंत औषधासारखंच दिसतं. मानोऱ्याची गाडी येईपर्यंत लेक राहिली नाही.

ती नवजात पोरगी म्हणजे कविता. सोनीबाईनं तिला अंगाखांद्यावर वाढवली, शिकवली, नुकतंच तिचं लग्न करून दिलं.

पेटीत काय काय राहणार, हे मॅडम सभेत सांगत होत्या. पोरांच्या लशी राहणार आणि हे इंजेक्शन राहणार. सोनीबाई कधी सभेत तोंड उघडत नाही. त्या दिवशी तिनं तिथूनच, खाली बसूनच विचारलं, "कविताच्या बाळंतपनापर्यंत राहीन का हे पेटी?"

मॅडम म्हणाल्या, "कितवा महिना आहे तिला?"

"अजून काई नाई. लगन झालं. बाकी होईन."

सभा हसली. सोनीबाई मॅडमकडं बघतच राहिली. मॅडमनं हो म्हणून मान हलवली तेव्हाच तिनं पदर सारखा केला.

*

ही पेटी भारी चुगलखोर होती. तिचं झाकण उघडलं की तिकडं परदेशातल्या ऑफिसात कळायचं. किती वेळ उघडं राहिलं, आत किती गरम झालं, सगळं. आमच्या गावात एवढी बारीक खबर ठेवणारी याआधी फक्त सरपंचीणबाई होती.

एक दिवस भर उन्हाळ्यात दुपारी तिकडून मॅडमना फोन आला. मॅडमचा उपकेंद्राच्या शोभा सिस्टरना आला. सिस्टरनं फोन सरपंचाच्या हातात दिला, कारण खोलीत तेव्हा तोच होता आणि त्याच्या हातात मठ्ठ्याचा डबा होता.

"सरपंचसाहेब, पेटीचं झाकण बराच वेळ उघडं दिसतंय. काही इमर्जन्सी होती का?"

सरपंच काही खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "होती ना मॅडम."

"काय झालं?"

"जावई आला होता."

त्यानंतर तिकडं काय कळवलं, ते मॅडमनाच ठाऊक. पण दुसऱ्या दिवसापासून सोनीबाईनं पेटीशेजारी स्टूल टाकलं आणि आपला कशिदा घेऊन तिथंच बसायला लागली. मठ्ठा, दही, गजरे, सगळ्यांची ये-जा बंद झाली. सरपंच एकदा रिकाम्या हातानं नुसता डोकावला, तर म्हणाली, "काय वो, आज जावई नाई आले?"

*

बसल्या बसल्या सोनीबाईनं पेटीला झूल शिवली. पोळ्याला बैलाला घालतात तशीच, पण त्याहून जाड. कापडाच्या थरावर थर, वरून लाल-निळा दोरा, आरसे, कडेनं कवड्या. उपकेंद्राच्या त्या उदास खोलीत पेटी अशी सजून बसली की लसीला आलेली पोरं रडायचं विसरून आरशात तोंड बघू लागली.

शोभा सिस्टर घाबरल्या. "बाई, याच्यावर काही टाकायचं नाही असं लिहिलं आहे वो."

"लिहिनाऱ्याले म्हना, तुह्या घरी ठेव उघडी," सोनीबाई म्हणाली. "आमच्या घरी आलेली लेक आमी उघडी ठेवत नाई."

आता झालं असं की हीच पेटी आणखी बऱ्याच देशांत उन्हात ठेवलेली होती, आणि ऊन गेल्यावर सगळ्यांत जास्त वेळ थंड राहायची ती आमची. तिकडच्या इंजिनिअरला काही उमजेना. शेवटी तो स्वतःच आला. माणूस एवढा उंच की उपकेंद्राच्या दाराला आत जातानाही डोकं आपटलं आणि बाहेर येतानाही. नाव त्याचं कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून त्याला उंचसाहेब म्हणायला लागलो.

उंचसाहेब पेटीपुढं गुडघे टेकून बसला. मॅडमचा चेहरा पडलेला. आता नियम मोडला म्हणून प्रकल्प जातो, असं त्यांना वाटलं. साहेबानं झूल चाचपली, उचलून बघितली. एका बाजूला सोनीबाईनं कापड कापून जागा मोकळी सोडली होती. त्यानं विचारलं, मॅडमनी मराठीत विचारलं, "इथं का उघडं ठेवलं?"

"तिथून गरम श्वास सोडते ते. बैलाले झूल घालताना नाक झाकते का कोनी?"

साहेबानं मान डोलावली. मग कापडाचे थर दाबत विचारलं, "आत काय भरलंय?"

"माह्या सासूचे जुने घागरे."

मॅडम भाषांतर करायला लागल्या तोवर सोनीबाई पुढं म्हणाली, "बुढीनं जिवंतपनी कोनाचं काई केलं नाई. आता करून राह्यली."

आम्ही सगळ्या हसलो. साहेबानं विचारलं, काय म्हणाल्या त्या? मॅडम गंभीर तोंड करून म्हणाल्या, "त्या म्हणतात, साहित्य स्थानिक आहे."

साहेबानं ते लिहून घेतलं.

*

नागपूरला मोठ्या हॉटेलात सभा होती. पैसा देणारे, पैसा घेणारे, पैशावर बोलणारे, सगळे. कमिटीतर्फे मला नेलं. दारात एक मुलगी टेबल मांडून बसलेली. नाव विचारलं, गाव विचारलं.

"आजी, शिक्षण?"

"चालू हाये."

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं आणि तसंच लिहिलं.

आत कोटवाले एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. शुद्ध मराठीत आणि मध्ये मध्ये इंग्रजीत. त्यांचं म्हणणं असं, की प्रकल्पाचा पैसा काही कायम नसतो. सरकारं बदलतात, धोरणं बदलतात. तेव्हा फंडिंग मध्येच थांबलं तर गावानं आपली जबाबदारी ओळखायला हवी. मग म्हणाले, "गावाच्या प्रतिनिधींना काय वाटतं?"

असं कुणी विचारलं की माझे पाय आपोआप उभे राहतात.

"मले असं वाटते साहेब," मी म्हणाले, "का वावर पेरलं, उगवलं, अन् निंदनाच्या टायमाले मालक निंगून गेला, तं त्याले कोनी शेती म्हनत नाई. तिकडची एखादी बाई नोकरी करून टॅक्स भरते. तिच्या पैशानं तुमी पेटी आनली. अर्ध्यातून उचलून नेली तं तिचाबी पैसा मातीत अन् आमचंबी वरीस मातीत. खरं-खोटं तं कळलंच नाई कोनाले. मंग तुमी संशोधन केलं का सहल केली?"

पुढच्या रांगेतून टाळ्या ऐकू आल्या. उंचसाहेब वाजवत होता. मॅडम त्याच्या कानात माझं बोलणं सांगत होत्या, म्हणून त्याच्या टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या आणि उशिरापर्यंत चालल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

जेवणाच्या वेळी ते कोटवाले साहेब माझ्याजवळ आले. भले माणूस, राग धरला नव्हता. म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. मला थोडं लिहून पाठवाल का?"

मी म्हटलं, "पाठवते. आधी तुमचं मले समजावून सांगा."

*

आणि झालंही तसंच. तिकडं सरकार बदललं की सरकारचं मन बदललं, ते काही मला कळलं नाही. पण पैसा थांबला. रश्मी मॅडम माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, डोळे सुजलेले. त्यांचा पगार थांबणार होता. उंचसाहेबाची नोकरी गेली होती. आणि पेटी कागदावर प्रकल्पाची होती, त्यामुळं त्यांच्या डेपोतून गाडी येणार आणि सगळ्या गावांतल्या पेट्या उचलून नेणार.

"कधी?"

"याच महिन्यात, आजी."

सोनीबाई तिथंच उंबऱ्यावर होती. कविताला तेव्हा नववा लागला होता. ऊन असं की दुपारी कुत्रं रस्ता ओलांडत नव्हतं. हातातली सुई सोनीबाईनं कापडात टोचून ठेवली.

मी मॅडमना म्हटलं, "पेटी गेली का?"

"नाही."

"जिथं होती तिथंच हाये ना?"

"हो."

"मंग रडता काहून? हात धुवा, जेवा."

*

डेपोचा ड्रायव्हर भास्कर. कारंज्याचा राहणारा, गोरागोमटा, बोलायला गरीब. जीप उपकेंद्रासमोर लावून कागद घेऊन उतरला.

"पेटी न्यायची हाये."

दारात सरपंचीणबाई, सोनीबाई आणि मी. सरपंचीणबाईला पंचांग तोंडपाठ. तिनं कपाळाला आठी घातली.

"आज?"

"हो."

"आज अवस हाये ना गा."

"मंग?"

"अवसेले लेक धाडते का कोनी?"

भास्करनं आत डोकावून बघितलं. झूल, आरसे, कवड्या. कुणीतरी झाकणावर हळदीकुंकवाची बोटंही ओढली होती. "ते पेटीच हाये ना वो?"

"तुह्यासाठी पेटी," सोनीबाई म्हणाली. "आमी वाढवली तिले."

भास्कर डोकं खाजवत म्हणाला, "बरं. उद्या येतो."

"ये ना," सरपंचीणबाई म्हणाली. इतकी गोड ती नवऱ्याशीही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा अधिक महिना लागला होता! महिनाभर कुठली शुभकार्यं नाहीत, पाठवणी नाही. भास्कर वैतागला. "आजकाल कोन मानते हे सारं?"

आता मी बुद्धाच्या घरची. पंचांग माझ्या घरात शिरलेलं नाही, अवस-पुनव मी कधी पाळली नाही आणि पाळणाऱ्यांना तोंडावर सुनवायला कधी मागं-पुढं बघितलं नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी मानते," मी म्हणाले.

सरपंचीणबाईला असा ठसका लागला की तिला पाणी द्यावं लागलं.

*

बरं, पाठवणी नाही तर नाही, पण लेकीला न्यायला जो येतो तो कोण? जावई. आणि अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. धोंड्याच्या महिन्यात दारात आलेला जावई उपाशी जातो, हे कुठल्या गावाला शोभतं?

भास्करला सरपंचाच्या घरी पाटावर बसवलं. पुरणाचे धोंडे, तुपाची धार, अनारसे. टॉवेल-टोपी. तो "अवं, मले काई नाई पाहिजे" म्हणत होता आणि ताटात पडत होतं. जेवल्यावर त्यानं ऑफिसात फोन लावला. आम्ही दाराआड.

"साहेब, पेटी नाई भेटली... नाई साहेब, भांडन नाई झालं... नाई, कोनी अडवलं नाई... जेवन झालं, साहेब."

निघताना घुटमळला. "आत्या, चार अनारसे घरी नेऊ का? तिले आजकाल गोडाचं लय मन होते."

सोनीबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि आपला पितळी डबा भरून दिला.

महिनाभर ऑफिस त्याला पाठवत राहिलं आणि तो येत राहिला. दर वेळी दुसऱ्या घरचं आमंत्रण. तांड्यावरही जेवला. माझ्याकडंही जेवला, मी धोंडे करत नाही, पण माझ्या हातच्या वांग्याच्या भाजीपुढं पुरण काय करणार! महिना सरत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याची बटणं ओढायला लागली होती.

*

कविताला कळा लागल्या त्या दिवशी सकाळपासूनच करंट नव्हता. भर दुपारी पोरगी झाली. रडली, खणखणीत. आम्ही बाहेर एकमेकींकडं बघून हसलो. मग आत सिस्टरचा आवाज बदलला.

सोनीबाईनं तो आवाज ओळखला. तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि तशीच उभी राहिली. मी तिच्या खांद्याला हात लावला तर खांदा दगडासारखा.

आतून झुलीच्या कवड्या वाजल्या. झाकण उघडल्याचा आवाज. मग काही नाही. खिडकीतून दिसत होतं तेवढं मी बघत होते: सिस्टरचा हात कविताच्या पोटावर, दाबत, चोळत. माझं तोंड आयुष्यात इतका वेळ कधी बंद राहिलं नसेल.

सिस्टर दारात आल्या. घामानं निथळत होत्या.

"थांबलं, आजी. रक्त थांबलं."

सोनीबाई वळली. आत गेली. कविताच्या डोक्यावरून हात फिरवला, पणतीचं तोंड बघितलं आणि मग पेटीजवळ जाऊन बसली. झाकण नीट लागलंय का बघितलं. झूल सारखी केली. आणि तिच्या त्या आरशांवर कपाळ टेकून इतकी रडली की मी दार लावून घेतलं. असं रडणं बाकीच्यांनी बघायचं नसतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. नोकरी गेली तरी उंचसाहेब घरी बसून रोज आमच्या पेटीचा आलेख बघत होता. त्यानं विचारलं होतं, दुपारी झाकण उघडलं होतं, इमर्जन्सी होती का?

सिस्टर म्हणाल्या, "होती म्हणावं."

"काय झालं?"

"मुलगी झाली."

*

पुढचं थोडक्यात सांगते. बाकी सगळ्या गावांतल्या आणि देशांतल्या पेट्या उन्हाळा सरायच्या आधीच उचलून नेल्या होत्या. त्यामुळं पूर्ण उन्हाळ्याची, एकही दिवस न तुटलेली नोंद सगळ्या जगात एकाच पेटीची उरली होती. ती आमची! उंचसाहेबानं ती दारोदार दाखवली. शेवटी अर्धा पैसा दुसऱ्या एका देशाच्या सरकारनं दिला आणि अर्धा आपल्याच सरकारनं. मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या की रडत होत्या, कळेना. म्हणाल्या, "आजी, पेटी तिथंच राहणार. आणि पेट्या येणार. आता झुलीवरही संशोधन होणार आहे. सोनीबाईंनी दुसऱ्या गावच्या बायकांना झूल शिकवायची."

मी फोन सोनीबाईच्या कानाला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिकवते ना. पन मॅडम, एवढ्या सासवा कुठून आनाच्या?"

*

एक किस्सा राखून ठेवला होता. तो या फोनच्या आधीचा. अधिक महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

त्या दिवशी आमच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. अवस नव्हती, अधिक नव्हता, पैशाची कुठली खबर नव्हती. कविता सुखरूप होती, पण तांड्यावर आणखी बायकांना दिवस गेलेले होते. आज पेटी गेली तर पुढचा उन्हाळा पुन्हा कपाटातच. जीप येणार हे ठाऊक होतं. सकाळीच आम्ही सगळ्या उपकेंद्राच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. सोनीबाईनं पेटीसाठी ओटीचं सामान आणलं होतं, पण ते पदराखाली झाकून ठेवलं होतं आणि स्वतः उंबऱ्यावर आडवी बसली होती.

जीप आली. भास्कर उतरला. आमच्याकडं बघेना. कागद खिशातून बाहेर डोकावत होता.

मी उभी राहिले. "भास्कर, आज पंचांग नाई. आज मी हावो. माह्यावरून गाडी नेशीन तं पेटी नेशीन."

तो जीपला वळसा घालून पलीकडं गेला, दार उघडलं, हात पुढं केला. त्याच्या हाताला धरून एक कोवळी बाई सावकाश खाली उतरली. पोट इतकं पुढं आलेलं की तिला आपली पावलं दिसत नव्हती. काखेत सोनीबाईचा पितळी डबा.

सरपंचीणबाई उठली, मग पुन्हा खाली बसली.

"काय रे हे?" मी विचारलं. "कारंज्यात दवाखाने नाईत का?"

"हायेत ना," भास्कर म्हणाला. "पन आत्या, मी या गावचा जावई हावो ना?"

"हाये."

"मंग हिचं माहेर कोनतं?"

सोनीबाईनं पदराखालचं ओटीचं सामान बाहेर काढलं.

"पहिलं बाळंतपन हाये हिचं," तो म्हणाला. "सरका ना जरा, आत येऊ द्या."